काच काळी, म्हणून गाडी गार?

मार्च उजाडला की बेळगावातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत एक वाक्य हमखास ऐकू येते : "काका, डार्क फिल्म मारून घ्या की, एसी एकवरच गार पडतंय बघा." उद्यमबागेत कारखान्याच्या आवारात गाडी दिवसभर उन्हात उभी असते. संध्याकाळी दार उघडले की आतून भट्टीसारखा झोत अंगावर येतो. अशा वेळी हे वाक्य चटकन पटते. पण गाडीची काच निवडताना दोन हिशेब वेगवेगळे मांडावे लागतात : उष्णता किती अडते आणि रात्री किती दिसते. दुकानात चर्चा होते ती पहिल्याची, आणि तीही बऱ्याचदा चुकीच्या मापाने. बेळगाव-निपाणी पट्ट्यात नेहमी कानावर येणारे काही समज इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : काच जितकी काळी, तितकी गाडी गार.

वस्तुस्थिती : उन्हातून येणाऱ्या ऊर्जेत डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचा वाटा निम्म्याहून कमी असतो. साधारण निम्मी ऊर्जा अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड किरणांची असते आणि उरलेली तीन ते पाच टक्के अतिनील किरणांची. काळेपणा म्हणजे फक्त दिसणारा प्रकाश अडवणे. स्वस्त रंगीत फिल्म तेवढेच करते. अवरक्त किरण तिच्यातून बरेचसे आरपार जातात.

शिवाय तिने अडवलेली ऊर्जा नाहीशी होत नाही. ती काचेत मुरते, काच तापते आणि त्यातली काही उष्णता आत येते. गाडी पळत असेल तर बाहेरचा वारा बराच भाग घेऊन जातो, उभ्या गाडीला ती सोय नाही. त्यामुळे आवारात दिवसभर उभ्या असलेल्या गाडीला काळ्या काचेचा लाभ अपेक्षेपेक्षा बराच कमी होतो.

उलट जवळजवळ पारदर्शक दिसणारी सिरॅमिक फिल्म अवरक्त किरणांचा मोठा भाग अडवते, कारण तिच्यातले धातूंच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण नेमके ते किरण शोषतात. बहुतेक नव्या गाड्यांच्या काचांना असलेली फिकट हिरवी झाकही याच कामाची : काचेतला लोहाचा अंश अवरक्त किरण शोषतो. म्हणजे कंपनीतून आलेली हिरवट काच थोडीफार उष्णता आधीच अडवत असते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. गाडीतली सर्वांत मोठी आणि सर्वांत कललेली काच समोरची. दुपारचे ऊन तिथूनच डॅशबोर्डवर पडते. बाजूच्या काचा कितीही काळ्या केल्या, तरी त्या उन्हाला आडकाठी होत नाही.

गैरसमज २ : दुकानातल्या दिव्याखाली हाताला गार लागले, म्हणजे फिल्म उत्तम.

वस्तुस्थिती : हा प्रयोग बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. एक तापवणारा दिवा, त्याच्यापुढे आधी साधी काच, मग फिल्म लावलेली काच, आणि मागे आपला हात. फरक इतका जाणवतो की गिऱ्हाईक लगेच खिशात हात घालते. पण तो दिवा बहुतांशी अवरक्त किरणच फेकतो. सूर्य तसा नाही, त्याची निम्मी ऊर्जा इतर किरणांत असते. त्यामुळे दिव्यापुढे जे दिसते, ते उन्हात तेवढेच मिळत नाही.

खोक्यावरचा '९० टक्के आयआर रिजेक्शन' हा आकडाही असाच फसवा. तो पुष्कळदा ठराविक तरंगलांबीपुरता मोजलेला असतो. फिल्मने खरोखर ९० टक्के अवरक्त अडवले असे धरले, तरी निम्म्याचे ९० टक्के म्हणजे एकूण उन्हाचे ४५ टक्केच होतात, आणि त्यातलाही काही भाग साधी काच एरवीही अडवत असते. विचारायचा आकडा आहे 'टीएसईआर', म्हणजे एकूण सौरऊर्जेपैकी किती टक्के बाहेर राहिली. तो सांगता येत नसेल तर दिव्याच्या खेळावर भाळू नये.

गैरसमज ३ : ७० टक्क्यांची फिल्म नियमात बसते.

वस्तुस्थिती : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. यालाच व्हीएलटी म्हणतात. हे प्रमाण काच आणि तिच्यावरचे जे काही असेल, त्या सगळ्याचे मिळून मोजायचे असते. फिल्मच्या खोक्यावर छापलेला आकडा एकट्या फिल्मचा असतो.

कंपनीची काच मुळातच शंभर टक्के पारदर्शक नसते. समोरच्या काचेचा व्हीएलटी ७८ धरू. तिच्यावर ७० टक्क्यांची फिल्म लावली, तर ७८ चे ७० टक्के म्हणजे ५४.६. नियम मोडला. त्याच काचेवर ९० टक्क्यांची, डोळ्यांना जेमतेम दिसेल अशी फिल्म लावली तरी हिशेब ७०.२ वर येतो. बाजूच्या काचेचा व्हीएलटी ७५ धरला तर ७० च्या फिल्मने तो ५२.५ होतो, आणि दुकानात 'लाइट' म्हणून दाखवतात त्या ५० च्या फिल्मने ३७.५.

गैरसमज ४ : महाराष्ट्रात चालते, फक्त कर्नाटक पोलीसच पकडतात.

वस्तुस्थिती : कोगनोळी नाका ओलांडला म्हणून काचेचा नियम बदलत नाही. नियम १०० केंद्राचा आहे. गाडी केए-२२ असो, चिकोडीची केए-२३ असो की कोल्हापूरची एमएच-०९, माप एकच.

त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. अविषेक गोयंका विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २७ एप्रिल २०१२ रोजी न्यायालयाने काचांवर कोणत्याही टक्केवारीची काळी फिल्म किंवा अन्य काहीही चिकटवण्यास देशभर मनाई केली. ४ मे २०१२ पासून ती लागू झाली. त्या वेळच्या नियमात काच तयार होतानाच्या पारदर्शकतेचा विचार होता, नंतर वरून काही लावायला जागा नव्हती, हा निकालाचा आधार. झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांसाठी सवलतीची वेगळी सोय आहे. गावच्या पुढाऱ्याची काळी काच त्यात आपोआप बसत नाही.

दंडाची रक्कम फार मोठी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० आणि पुन्हा सापडल्यास १,५०० रुपयांपर्यंत. खरे नुकसान फिल्म खरवडण्याचे. मागच्या काचेवर डीफॉगरच्या बारीक तारा असतात. रस्त्याकडेला ब्लेड चालवले की फिल्मबरोबर त्याही तुटतात.

गैरसमज ५ : केरळच्या निकालाने आता सगळीकडे फिल्मला परवानगी मिळाली.

वस्तुस्थिती : या समजामागे एक खरा धागा आहे. नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून 'सेफ्टी ग्लास'च्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' हा शब्द आला. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २५५३ (भाग २) या मानकात, आतल्या बाजूने प्लॅस्टिकचा थर असलेली काच या प्रकारात येते. त्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ठरवले की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणारी फिल्म बेकायदा नाही, आणि ही मुभा फक्त गाडी बनवणाऱ्या कंपनीपुरती नाही.

पण त्या न्यायालयाचा अधिकार केरळ आणि लक्षद्वीपपुरता. बेळगावच्या चौकात उभ्या असलेल्या पोलिसावर तो निकाल बंधनकारक नाही. आणि त्या निकालातही मर्यादा तीच आहे. 'कोर्टाने सोडलंय की' म्हणत काळीकुट्ट फिल्म विकणारा निकालाचा अर्धाच भाग सांगतो.

गैरसमज ६ : काळ्या काचेमुळे रात्री समोरच्याचा अप्पर डोळ्यांत जात नाही.

वस्तुस्थिती : समोरून येणारा उजेड समोरच्या काचेतून येतो. बाजूच्या काचांचा त्याच्याशी संबंध नाही. आणि समोरच्या काचेवर फिल्म लावली, तर ती अप्परचा झोत आणि रस्त्याकडेचा माणूस यांत निवड करत नाही, दोन्ही सारखेच मंद करते. झोत मंद झाला तरी तो झोतच राहतो. माणूस मात्र मुळातच अंधुक असतो, आणखी अंधुक झाला की दिसेनासा होतो. कमी उजेडात दोन करड्या छटांतला फरक ओळखण्याची डोळ्यांची ताकद झपाट्याने घसरते.

आपल्या पट्ट्यात याचा अर्थ काय, ते उसाच्या हंगामात समजते. निपाणीजवळ तवंदी घाट, रात्रीची वेळ, राष्ट्रीय महामार्ग ४८. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. मागचा दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर धुळीने माखलेला, आणि वाढे ट्रॉलीबाहेर लोंबून त्यावर पडदा टाकलेला. तासाला ८० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. ट्रॉली दिसायला एक सेकंद उशीर झाला, तर ब्रेकवर पाय पडण्याआधीच २२ मीटर संपलेले असतात.

वय वाढले की ही अडचण दुणावते. साठीच्या माणसाच्या डोळ्यांच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो, कारण बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळसर होते. मुलाने हौसेने लावलेली फिल्म त्याला चालून जाते, वडिलांना चालत नाही.

रात्री चकाकी छळत असेल, तर दोष पुष्कळदा काचेवरच्या थराचा असतो. आतल्या प्लॅस्टिकमधून निघणाऱ्या वाफांचा तेलकट थर काचेच्या आतल्या बाजूला बसतो आणि समोरचा दिवा त्यावर पसरतो. उद्यमबागेत बाहेरच्या बाजूला आणखी एक शत्रू आहे : फौंड्रीच्या वाळूची धूळ. वाळूतले क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असते. कोरड्या काचेवर वायपर मारला की त्याचे कण अर्धवर्तुळात ओरखडे काढतात आणि रात्री प्रत्येक ओरखडा चमकतो. आधी पाणी, मग वायपर, हा नियम इथे पाळायलाच हवा. मागून येणाऱ्या झोतासाठी आतल्या आरशाखाली बारीक खटका दिलेला असतो. तो पुष्कळांनी कधी वापरलेलाच नसतो.

गैरसमज ७ : बाजूच्या काचांनी रात्री काय फरक पडणार?

वस्तुस्थिती : बाहेरचे दोन्ही आरसे आपण बाजूच्या काचेतूनच बघतो. दुसरी पाळी सुटल्यावर खानापूर रोडवरून डावीकडच्या गल्लीत वळताना आधी नजर जाते ती डाव्या आरशात. तिथे सायकलवर निघालेला, तेलाने काळवंडलेल्या कपड्यांतला कामगार असतो. त्यात जूनपासूनचा बेळगावी पाऊस : काचेवर थेंब, थेंबांत दिव्यांचे तुकडे, आणि वर फिल्म. मग काच खाली घेऊनच वळावे लागते, आणि पाऊस आत येतो.

गैरसमज ८ : त्वचा जपायची तर काळी काच हवीच. डॉक्टरची चिठ्ठी असली की झाले.

वस्तुस्थिती : अतिनील किरणांचा आणि काळेपणाचा संबंध नाही. समोरची काच दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पदर घालून बनवलेली असते आणि तो पदर जवळपास सगळे अतिनील किरण अडवतो. बाजूची टफन्ड काच त्यातले 'यूव्हीए' किरण काही प्रमाणात आत सोडते, म्हणून उन्हाच्या बाजूचा हात रापतो. त्यावर कंपनीची 'यूव्ही कट' काच, पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा सनस्क्रीन हे उपाय आहेत. नियम १०० मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीवर सवलत नाही.

मग करायचे काय?

नवी गाडी घेताना रंग आणि सनरूफच्या आधी काच विचारा : समोरची काच उष्णता रोखणारी आहे का, बाजूच्या काचा यूव्ही कट आहेत का. काचेच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण असते, ती बघून घ्या. कारखान्यातून रंगछटा घेऊन आलेली आणि मर्यादेत बसणारी काच पूर्ण कायदेशीर आहे.

जुनी गाडी असेल तर समोरच्या काचेला आतून चंदेरी पडदा लावा, चंदेरी बाजू बाहेर. गाडी निघताना तो काढायचा. तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या एसी लावण्याआधी चारही काचा खाली करून दोन-तीन मिनिटे गाडी चालवा. कोंडलेली गरम हवा बाहेर गेली की मग काचा वर, एसी सुरू आणि हवा आतल्या आत फिरवणारे बटण चालू. गाडी सावलीत लावता आली तर त्याहून स्वस्त उपाय नाही.

आधीच्या मालकाने धातूचा थर असलेली चकचकीत फिल्म लावून ठेवली असेल तर ती काढाच. तिच्यामागचा फास्टॅग टोल नाक्यावरच्या यंत्राला वाचता येत नाही आणि मागे हॉर्नची रांग लागते.

बेळगावला जुनी माणसे 'गरिबांचे महाबळेश्वर' म्हणत. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवरच्या या गावात कडक उन्हाचे दिवस वर्षाकाठी थोडेच, पाऊस आणि रात्रीचा प्रवास मात्र भरपूर. तेव्हा इथल्या गाडीमालकाला एवढेच सांगणे : समोरच्या काचेला हात लावू नका, बाजूला काळे काही चिकटवू नका. काचेवरचे पैसे खर्च करायचेच असतील, तर नवे वायपर आणि हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचांची सफाई यांवर करा.