स्वतःचे कपडे स्वतः शिवणे : माप, बेत आणि फिटिंग – सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

घरगुती शिवणकाम हा विषय स्त्रियांच्या स्वयंरोजगाराच्या चर्चेत वारंवार येतो. परंतु ती चर्चा बहुधा शिलाई यंत्राच्या वाटपापाशी थांबते. शिवलेले वस्त्र अंगाला नीट बसते का, न बसल्यास दोष कोठे आहे आणि तो कसा काढावा, या ज्ञानाकडे दुर्लक्ष होते. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली परिसराच्या पार्श्वभूमीवर चोळी ते ब्लाऊज या स्थित्यंतराचा, मापाच्या सूत्रांमागील गृहीतकांचा आणि फिटिंगच्या दुरुस्तीमागील तत्त्वांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : शिवणकाम, माप, बेत, माया, मुंडा, फिटिंग, स्वयंरोजगार.

प्रस्तावना

अन्न, वस्त्र व निवारा या मूलभूत गरजांपैकी वस्त्र ही एकच गरज अशी आहे की, जी व्यक्तीच्या शरीराच्या आकाराशी तंतोतंत जुळावी लागते. मराठीत कापड कापण्यापूर्वी ते ‘बेतावे’ लागते. बेतणे म्हणजे अंग, कापड आणि उपयोग या तिन्हींचा मेळ घालून आधी विचार करणे होय. कापण्याची क्रिया क्षणाची असते आणि ती मागे घेता येत नाही. म्हणून शिवणकामातील खरे कौशल्य कात्रीत नसून बेतण्यात असते.

आजचा सांगली जिल्हा 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि 1960 मध्ये त्यास ‘सांगली’ हे नाव मिळाले. त्यामुळे कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांचे राहणीमान, पेहराव व श्रमाचे स्वरूप यांत मोठे साम्य आढळते. एकीकडे उसाचे बागायती पट्टे, दुसरीकडे माण, खटाव, आटपाडी, जत हे अवर्षणप्रवण तालुके, आणि विट्यासारखे यंत्रमागाचे केंद्र, अशा विविधतेमुळे प्रस्तुत विषयाच्या अभ्यासासाठी हा परिसर उपयुक्त ठरतो.

लेखाची उद्दिष्टे

1. शिवणकाम व स्त्रीशिक्षण यांच्या संबंधाची स्थानिक पार्श्वभूमी पाहणे.
2. मापाच्या प्रचलित सूत्रांची मर्यादा स्पष्ट करणे.
3. फिटिंगमधील प्रमुख दोष, त्यांची कारणे व उपाय यांचे विवेचन करणे.
4. प्रशिक्षणाच्या दृष्टीने काही सूचना करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

महाराष्ट्रात शिवणकाम हा दीर्घकाळ शिंपी समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. संत नामदेव याच समाजातील होत. घरातील स्त्रियांकडे गोधडी, कुंची, झबले-टोपडे अशी हातशिलाईची कामे असत. आयझॅक सिंगर यांना 1851 मध्ये अमेरिकेत शिलाई यंत्राचे एकस्व मिळाले आणि 1863 मध्ये एबेनेझर बटरिक यांनी निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने तयार करण्यास आरंभ केला. या दोन घटनांनी शिंप्याचे कौशल्य घरापर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला झाला. यंत्रयुगाचे टीकाकार असलेल्या महात्मा गांधींनीही 1924 मध्ये शिलाई यंत्राला अपवाद मानले होते, ही गोष्ट लक्षणीय आहे.

स्त्रीशिक्षणाच्या चळवळीत शिवणाला मानाचे स्थान मिळाले. पुण्यात 1909 मध्ये स्थापन झालेल्या सेवासदनाच्या प्रमुख आधारस्तंभ रमाबाई रानडे या मूळच्या देवराष्ट्रे येथील. हे गाव आज सांगली जिल्ह्यात येते. सेवासदनाने अक्षरओळखीबरोबरच शिवणकामासारखी अर्थार्जनाची कौशल्ये स्त्रियांना दिली. 1930 मध्ये किर्लोस्करवाडी येथून ‘स्त्री’ मासिक सुरू झाले आणि गृहजीवनाकडे डोळसपणे पाहण्याची दृष्टी मध्यमवर्गीय घरांत रुजण्यास त्याचे साहाय्य झाले. अलीकडच्या काळात साताऱ्यातील म्हसवड येथे 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक स्थापन झाली, तर 2006 पासून माणदेशी फाउंडेशनच्या उद्योगिनी उपक्रमातून ग्रामीण स्त्रियांना व्यवसायाचे शिक्षण मिळू लागले. शिवणकाम हा त्यातील स्वाभाविक विषय होय.

चोळी ते ब्लाऊज : फिटिंगची समस्या केव्हा निर्माण झाली?

पारंपरिक पेहरावात फिटिंगची समस्या फारशी नव्हती. नऊवारी लुगडे नेसताना प्रत्येक वेळी अंगाशी जुळवून घेतले जाते. परकराची नाडी हवी तेवढी आवळता किंवा सैल करता येते. खणाच्या चोळीलाही पुढे गाठ असे. बाळंतपणात, आजारपणात वा वयोमानाने शरीर बदलले, तरी गाठ थोडी पुढेमागे बांधली की चोळी बसत असे. म्हणजेच जुळवणीची सोय त्या वस्त्राच्या रचनेतच होती.

हूक-काजांचा ब्लाऊज आला आणि ही सोय नाहीशी झाली. हुकांची जागा ठरलेली असल्याने छातीचा घेर एका आकड्यात बांधला गेला. साडीच्या संपूर्ण पेहरावात ब्लाऊज हे एकच वस्त्र असे राहिले की, जे अर्ध्या इंचाची चूकही सहन करीत नाही. गावोगावी ‘मापाचा ब्लाऊज’ शिंप्याकडे देण्याची जी पद्धत रूढ झाली, ती याच अडचणीतून. मापे घेताना होणारा संकोच त्यामुळे टळतो. परंतु जुन्या ब्लाऊजमधील दोषही नव्या ब्लाऊजमध्ये जसाच्या तसा उतरतो. दहा वर्षे खांद्यावरून गळा घसरणारी स्त्री तो दोष आपल्या अंगाचा समजते. प्रत्यक्षात तो बेताचा असतो.

सूत्रांमागील गृहीतक

शिवणवर्गांत ब्लाऊजची आखणी प्रामुख्याने छातीच्या मापावरून शिकवली जाते. गळ्याची अर्धी रुंदी छातीच्या बाराव्या भागाइतकी धरावी, मुंडा व खांदाही छातीच्या ठरावीक प्रमाणात काढावा, अशी ही सूत्रे आहेत. मध्यम बांध्यासाठी ती उपयोगी पडतात. मात्र शरीराचा प्रत्येक भाग सारख्या प्रमाणात वाढतो, हे गृहीतक त्यांच्या मुळाशी आहे.

एक उदाहरण घेऊ. छाती 32 इंच असल्यास गळ्याची अर्धी रुंदी सुमारे 2.67 इंच येते. छाती 40 इंच असल्यास ती 3.33 इंच होते. दोन्ही बाजू मिळून गळा सुमारे सव्वा इंचाहून अधिक रुंद होतो. परंतु छातीचा घेर आठ इंचांनी वाढला म्हणून मानेचा व खांद्याचा हाडांचा सांगाडा त्या प्रमाणात रुंदावत नाही. परिणामी भरलेल्या बांध्याच्या स्त्रीचा गळा खांद्यावरून उतरतो आणि मुंडा अकारण मोठा होतो. यावर उपाय सोपा आहे. छातीचे पूर्ण माप घेण्याबरोबरच काखेखालून, छातीच्या वरच्या भागाचे दुसरे माप घ्यावे. गळा, खांदा व मुंडा या वरच्या मापावरून काढावेत आणि पूर्ण छातीसाठी लागणारी जादा रुंदी व उंची केवळ पुढच्या भागात टक किंवा कटोरीच्या साहाय्याने द्यावी.

प्रमाणित मापांची ही मर्यादा जगभर अनुभवास आली आहे. अमेरिकेत 1939-40 मध्ये सुमारे 15,000 स्त्रियांची प्रत्येकी 59 मापे घेण्यात आली. त्या आधारे 1958 मध्ये तयार कपड्यांचे प्रमाण जाहीर झाले, पण 1983 मध्ये ते मागे घेण्यात आले. भारतात राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सहा शहरांतील 25,000 हून अधिक व्यक्तींची मापे घेण्याचा ‘इंडिया साइझ’ प्रकल्प हाती घेतला. असे सर्वेक्षण उद्योगाला उपकारक ठरेल. तथापि सरासरी कितीही अचूक असली, तरी कपडा सरासरीला नव्हे, एका व्यक्तीला घालावयाचा असतो.

फिटिंगचे दोष व त्यांची दुरुस्ती

कापडावर पडणारी चुणी ही दोष ओळखण्याची सर्वांत विश्वसनीय खूण आहे. ताणलेल्या आडव्या रेषा त्या ठिकाणी रुंदी कमी असल्याचे दर्शवितात. सैल उभ्या चुण्या रुंदी जास्त असल्याचे, तर ताण नसलेली आडवी घडी उंची जास्त असल्याचे सांगते. तिरपी, ताणलेली चुणी ज्या ठिकाणी कापड अपुरे आहे त्याकडे बोट दाखवते. या आधारे काही नेहमीच्या दोषांचा विचार करता येईल.

*अ) हुकांमध्ये फट पडणे :* छातीवर आडवा ताण येऊन हुकांमध्ये फट दिसते आणि पुढची कड वर उचलली जाते. अशा वेळी दोन्ही बाजूंच्या शिलाया उसवून ब्लाऊज सारखा सैल केला जातो. त्यामुळे पाठ ढिली पडते आणि पुढचा ताण पूर्णपणे जात नाही. कमतरता केवळ पुढे असल्याने रुंदी व उंची पुढच्या भागातच वाढवावी आणि टक खोल घ्यावा.

*आ) पाठीला बाक असणे :* वयस्क स्त्रियांमध्ये मागचा गळा मानेपासून सुटतो आणि मागची कड वर जाते. पाठीची उंची मधोमध वाढवणे व पुढची उंची तितकीच कमी करणे हा यावरील उपाय होय.

*इ) एक खांदा उतरता असणे :* एकाच बाजूला ओझे वाहण्याच्या सवयीने किंवा जन्मतः एक खांदा खाली असतो. त्या बाजूला मानेपासून काखेकडे तिरपी चुणी पडते. खांद्याची शिलाई बाहेरच्या टोकाशी आत घेऊन मुंडा तेवढाच खाली उतरवावा. दोन्ही बाजू एकदम न कापता वेगवेगळ्या कापणे येथे आवश्यक ठरते.

*ई) हात वर करताना ब्लाऊज वर येणे :* हा दोष सर्वाधिक गैरसमजाचा आहे. हात अडखळतो म्हणून मुंडा आणखी खोल कापला जातो. पण मुंडा जितका खाली, तितकी बाही काखेपासून दूर जोडली जाते आणि हात उचलताच संपूर्ण ब्लाऊज वर ओढला जातो. वास्तविक मुंडा काखेजवळ, परंतु न रुतेल असा ठेवावा. बाहीचा वरचा गोलावा कमी उंच करावा आणि दंडघेरात रुंदी द्यावी. उसाच्या फडात, भाजीच्या वाफ्यात किंवा परातीत भाकरी थापताना जिचे हात सतत हलतात, तिच्यासाठी ही बाब केवळ सौंदर्याची नसून श्रमाच्या सुकरतेची आहे.

*उ) शस्त्रक्रियेनंतरचा बदल :* स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर शरीराच्या दोन बाजू भिन्न होतात. तयार कपड्यांच्या बाजारात या गरजेची दखल क्वचितच घेतली जाते. पुढचे दोन भाग स्वतंत्र मापांनी बेतणे, आतील अस्तराला कप्पा करणे आणि व्रणावर शिलाई येणार नाही अशी टकांची जागा ठरवणे, एवढे साधल्यास अशा स्त्रीला परक्या व्यक्तीपुढे संकोच न करता पूर्ववत वावरता येते. शिवण स्वतःला येण्याचे मोल येथे पैशात सांगता येणार नाही.

मांजरपाट, कच्चा टाका आणि माया

दुरुस्ती शिकण्याचा सुरक्षित मार्ग म्हणजे प्रथम स्वस्त मांजरपाटावर नमुना शिवून पाहणे. तो अंगावर घालून बसावे, वाकावे, हात वर करावेत. चुण्या पाहून टाचण्या लावाव्यात आणि बदल कागदी नमुन्यावर उतरवावेत. एकदा असा नमुना सिद्ध झाला की पुढील अनेक ब्लाऊज त्यावरून बेतता येतात. सुती कापड व अस्तर दोन्ही कापण्यापूर्वी भिजवून वाळवणे आवश्यक असते. अन्यथा पहिल्या धुण्यात एक आटते, दुसरे आटत नाही आणि उत्तम बसलेला ब्लाऊजही बिघडतो. कापडाचा उभा धागा सरळ न ठेवल्यास शिवलेला भाग पिळतो. अंतिम शिलाईपूर्वी कच्चा टाका घालून पाहण्याचा कंटाळा करू नये.

शिलाईपलीकडे राखून ठेवलेल्या जादा कापडाला शिवणाच्या परिभाषेत ‘माया’ म्हणतात. घरी किंवा गावातील शिंप्याकडे शिवलेल्या ब्लाऊजला दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया सोडून दोन-तीन टिपा घालतात. अंग भरले की एक टीप उसवली जाते. कारखान्यात कापडाची बचत हा हिशेब असल्याने तयार कपड्यात पाव इंचाच्या आसपास कड राहते व तीही ओव्हरलॉक केलेली असते. असा कपडा आत घेता येतो, सोडता येत नाही. शरीर बदलणार आहे हे गृहीत धरून शिवलेला कपडा अनेक वर्षे टिकतो. ते गृहीत न धरलेला कपडा लवकर टाकून द्यावा लागतो. वस्त्रांच्या वाढत्या कचऱ्याच्या संदर्भात माया सोडण्याची ही रीत विचारात घेण्याजोगी आहे.

प्रशिक्षणाचे स्वरूप व सूचना

शिवणकामाचे प्रशिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील एक वर्षाचा अभ्यासक्रम, खासगी शिवणवर्ग, स्वयंसेवी संस्था व बचत गट अशा विविध मार्गांनी उपलब्ध आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश असून साधनांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. 2020 मधील महासाथीत बचत गटांच्या स्त्रियांनी मुखपट्ट्या शिवून या कौशल्याची सामाजिक उपयुक्तता सिद्ध केली. तथापि मुखपट्टी, पिशवी किंवा परकर यांत फिटिंगचा प्रश्न येत नाही. या वस्तूंत स्पर्धा तीव्र व मोबदला अल्प असतो. ज्या कामात अंगाचे माप लागते, तेथे कारखाना सहज शिरकाव करू शकत नाही आणि म्हणूनच तेथे गावातील स्त्रीला स्थान टिकवता येते. या दृष्टीने पुढील सूचना कराव्याशा वाटतात :

1. शिवणवर्गांत आखणीइतकाच वेळ दुरुस्तीला द्यावा. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने भिन्न बांध्याच्या किमान तीन व्यक्तींसाठी मांजरपाटाचे नमुने शिवावेत.
2. परीक्षेत सूत्राबरोबर चुणी पाहून दोष ओळखण्याचा भाग असावा.
3. शिलाई यंत्राच्या वाटपाला मापाच्या प्रशिक्षणाची जोड द्यावी.
4. वयस्क, अपंग व शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांच्या कपड्यांचा स्वतंत्र घटक अभ्यासक्रमात समाविष्ट करावा.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, गाठीच्या चोळीकडून हुकाच्या ब्लाऊजकडे झालेल्या प्रवासात वस्त्राची स्वतःहून जुळवून घेण्याची क्षमता कमी झाली आणि ती जबाबदारी शिवणाऱ्याच्या ज्ञानावर आली. हे ज्ञान केवळ सूत्रांतून मिळत नाही. ते अंगावरील कापड वाचण्यातून मिळते. स्वतःचे कपडे स्वतः शिवणारी स्त्री या ज्ञानाची विद्यार्थिनी आणि परीक्षक दोन्ही असते, कारण चूक तिच्याच खांद्यावर उतरते. यंत्र अनुदानातून मिळू शकते. बेत मात्र शिकावाच लागतो. तो शिकलेली स्त्री न बसणाऱ्या कपड्याचा दोष आपल्या शरीराला देत नाही, हे या शिक्षणाचे सर्वांत मोलाचे फलित होय.