विशेष शिक्षक : किती मुलांमागे एक?

दृष्टी, श्रवण अथवा आकलन यांत अडचण असलेले मूल गावच्या शाळेत दाखल झाले, म्हणजे पालकांचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे शासनाचे; त्याचा हिशेब आता आकड्यांत ठरला आहे. सीमाभागातील पालकांस तो ठाऊक असावा, म्हणून हे टिपण.

शिक्षण हक्क कायद्यान्वये प्राथमिक शाळेत साधारणपणे ३० मुलांमागे एक शिक्षक असतो. एवढ्यांना सांभाळून एखाद्यास ब्रेलचे ठिपके बोटांनी ओळखावयास शिकविणे एकट्या गुरुजींच्या आवाक्याबाहेरचे होय. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी हा प्रश्न ऐरणीवर आणला. त्यानंतर २०२२ साली केंद्र सरकारने प्रमाण ठरविले : पहिली ते पाचवीपर्यंत १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीस १५ मुलांमागे एक. हा शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असावा लागतो. ७ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने राज्यांस अशी पदे निश्चित करून जाहीर करण्याचा आदेश दिला.

परंतु नुसत्या भागाकाराने काम भागत नाही. समजा, निपाणीकडील चार गावांच्या शाळांत मिळून अशी १० मुले आहेत. हिशेबाने एक शिक्षक पुरतो. पण सहा दिवसांचा आठवडा चार शाळांत वाटला, की प्रत्येकीच्या वाट्यास दीड दिवसच येतो. त्यातून प्रवासाचा वेळ वजा करावा. पावसाळ्यात वेदगंगा-दूधगंगेचे पाणी बंधाऱ्यांवर चढले, की तोही दिवस गेला. म्हणून मुलांच्या संख्येबरोबर शाळांची संख्या व अंतरही मोजले पाहिजे.

दुसरी गोष्ट भाषेची. घटनेत १९५६ साली आलेले कलम ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे सांगते. ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणाऱ्या मराठी मुलास मराठी न जाणणारा शिक्षक लाभला, तर नेमणूक होऊनही शिकवणे होत नाही.

पालकांनी काय करावे? मुलाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे. शाळेच्या यूडायस माहितीत त्याची तशी नोंद झाली की नाही, हे मुख्याध्यापकांस विचारावे. नोंदच नसेल, तर त्याच्यासाठी पद मागणार कसे? मग शाळा सुधारणा समितीच्या बैठकीत विशेष शिक्षकाची मागणी लेखी ठेवावी. प्रमाण कागदावर आले आहे. ते वर्गापर्यंत आणण्यास गावाचा नेट हवा.