पोटदुखीची कैफियत



मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. शाळेशी माझा संबंध सातवीतच संपला. कामगारांचे अर्ज लिहिणे, त्यांचे कज्जे चालवणे आणि त्यांच्याबरोबर कचेऱ्यांच्या व दवाखान्यांच्या बाकांवर बसणे, यात तीस वर्षे गेली. त्या बाकांवर जे शिकलो तेवढेच आज बदनापूरकरांपुढे ठेवणार आहे. विषय जुन्या पोटदुखीचा आहे. तीन डॉक्टरांनी तीन नावे सांगितली म्हणजे रोग्याने काय करावे, हा.

आमच्या संघटनेतला एक गडी जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या शेडमध्ये भट्टीवर होता. त्याच्या बेंबीभोवती पीळ पडल्यासारखी कळ येई, चार-चार दिवस पोट साफ होत नसे, चेहरा पांढुरका पडत चालला होता. पहिल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून तिखट बंद केले. दुसऱ्यांनी मुतखडा ठरवला. पण सोनोग्राफीत खडा दिसेना. तिसरे म्हणाले, अपेंडिक्स दिसते, काढून टाकू. मधल्या काळात घरच्यांनी भगताचा अंगाराही लावून पाहिला. पोट दुखणाऱ्या माणसाच्या घरी कोणी स्वस्थ बसत नाही हेच खरे. आठ महिने असे गेले. खाडे पडले, उसनवारी झाली, दोन शेळ्या विकल्या गेल्या.

चौथ्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहिण्यापूर्वी विचारले, "दादा, तुम्ही काम काय करता?" उत्तर ऐकून त्यांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या. दातांच्या कडेला निळसर रेघ होती. रक्त शिशासाठी तपासायला पाठवले आणि आठ महिन्यांचे कोडे एका कागदावर सुटले.

शिशाची वाफ आणि धूळ श्वासातून आत जाते, तशी न धुतलेल्या हातांनी खाल्लेल्या भाकरीतूनही जाते. रक्तातले लाल द्रव्य तयार होण्यात शिसे अडथळा आणते, म्हणून माणूस पांढुरका पडतो. आतड्यांची नेहमीची हालचाल बिघडते, म्हणून कळ आणि बद्धकोष्ठ. पोटात खडा नाही, गाठ नाही. मग सोनोग्राफीला दिसणार काय? पहिले तिघे अडाणी नव्हते. भट्टीची गोष्ट आमच्या गड्याने त्यांना सांगितली नव्हती आणि त्यांनीही ती विचारली नव्हती. इटलीतल्या रामाझिनी नावाच्या वैद्याने कामगारांच्या रोगांवर १७०० साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. हिप्पोक्रेटिसने रोग्याला विचारायला सांगितलेल्या प्रश्नांत 'तू काम काय करतोस' हा एक प्रश्न घालावा, असे त्यात त्याने सुचवले आहे. सव्वातीनशे वर्षे झाली, तरी तो प्रश्न अजून वरचेवर राहून जातो.

आणि हा प्रश्न नुसता औषधाचा नाही. पित्त म्हटले की दोष रोग्याच्या जिभेचा. शिसे म्हटले की जबाबदारी मालकाकडे जाते. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने शिशाची बाधा धंद्यातून होणारा रोग मानली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात सरकारला कळवण्याच्या रोगांची जी यादी होती, तिच्यात पहिले नाव हेच होते. निदानाच्या एका शब्दावर कुटुंबाची भाकरी अवलंबून असते, ती अशी.

पण डॉक्टरांचे मतभेद दरवेळी अपुऱ्या चौकशीतून होतात असे समजू नये. आतड्याचा क्षय आपल्या देशात पुष्कळ. क्रोन नावाचा आतड्याचा दुसरा विकार १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी वर्णन केला. दोन्ही बहुधा लहान आणि मोठे आतडे जोडले जाते तिथेच बसतात. दुर्बीण घालून पाहिले तरी दोन्हींचे व्रण सारखे दिसतात; तुकडा काढून तपासला तरी कधीकधी उलगडा होत नाही. आणि क्रोनवर स्टेरॉइड दिले व निघाला क्षय, तर तो बळावतो. म्हणून अशा वेळी काही डॉक्टर आधी क्षयाची औषधे देऊन काही आठवड्यांनी पुन्हा पाहतात. याला रोग्याने चालढकल म्हणू नये. त्याने विचारावे ते हे : "डॉक्टरसाहेब, याखेरीज दुसरे काय असू शकेल? आणि दोहोंतला फरक कोणत्या तपासणीने कळेल?" असे विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. चांगल्या डॉक्टरला तर बरेच वाटते, असा माझा अनुभव आहे.

लेबर कोर्टात जाताना आम्ही आधी कैफियत लिहितो. रोग्यानेही लिहावी, एका कागदावर. दुखणे कधी सुरू झाले, कुठे दुखते, जेवणाआधी की नंतर, रात्री झोपमोड होते का, शौचाचा रंग काय, वजन किती उतरले. काम कोणते, हेही. आणि आजवर पोटात गेलेले प्रत्येक औषध : अंगदुखीची गोळी, काढा, भस्म, सगळे. माझ्याच पोटातला व्रण दोन वर्षे बरा होईना, कारण एस.टी.च्या प्रवासाने धरलेल्या कंबरेसाठी मी रोज गोळ्या खात होतो आणि त्यांना औषध समजतच नव्हतो. दोन डॉक्टर माझ्या व्रणावर भांडत होते आणि कारण माझ्या खिशात होते! जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावाव्यात. नव्या डॉक्टरपासून जुन्याचे मत लपवू नये. त्याची परीक्षा घ्यायला आपण गेलेलो नसतो.

मात्र थांबण्यालाही हद्द आहे. १२ जानेवारी १९२४ रोजी गांधीजींना येरवड्याच्या तुरुंगातून पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले. कर्नल मॅडॉक यांनी अपेंडिक्स ठरवले. गांधीजींच्या माहितीतल्या डॉक्टरांना बोलावण्याची गोष्ट निघाली, पण तेवढा वेळ नव्हता. श्रीनिवास शास्त्री यांच्या समक्ष गांधीजींनी लेखी संमती दिली आणि शस्त्रक्रिया त्याच रात्री झाली. मध्येच विजेचा दिवा गेला, तेव्हा कंदिलाच्या उजेडात पुरी झाली. पोट लाकडासारखे कडक झाले, ताप चढला, ओकारी थांबेना, शौच काळे किंवा रक्ताचे झाले, तर दुसरे मत शोधत फिरू नये. गाडी करावी आणि मोठे रुग्णालय गाठावे.

आमच्या गड्याला भट्टीवरून हलवले. कळ महिन्याभरात उतरली, रक्त भरायला अजून वेळ आहे. भरपाईचा अर्ज केला आहे; मालकाचे म्हणणे, शिसे त्याला दुसरीकडून आले असेल. त्या अर्जाला जोडायला मी त्याच्याकडून सगळा मजकूर लिहून घेत होतो. तेव्हा कळले की भट्टीवरचे कपडे तो रोज घरीच धुवायला आणत असे. डॉक्टरीणबाईंना ते सांगितले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याच्या बायकोचे आणि चार वर्षांच्या मुलीचे रक्त तपासायला पाठवले.