दोन-दोन-एक, दोन-दोन-दोन-एक!

दोस्ता, घरात किंवा शेजारी कुणाकडे गिटार आहे? मग दप्तरातली पट्टी काढ आणि चल!

गिटारची लांब मान बघ. तिच्यावर धातूच्या बारीक आडव्या कांड्या दिसतात ना? त्यांना म्हणतात फ्रेट. सतारीच्या पडद्यांचे हे भाऊबंदच! दोन फ्रेटमधली जागा म्हणजे एक घर. ठिकरीच्या खेळात असतं, तस्सं!

आता घरं मोज. पहिलं साधारण साडेतीन सेंटिमीटर. आणि बारावं? जेमतेम दोन! कारागीर चुकला की काय?

छे! शंकरपाळ्यांचा डबा आठव. उरलेल्यातला अठरावा हिस्सा रोज खायचा, असं ठरलं तर? डबा रिता होईल तसा रोजचा वाटाही लहान होत जाणार! इथेही तेच. दर फ्रेटला उरलेल्या तारेचा साधारण अठरावा भाग कमी होतो. तार आखूड, की सूर वर!

मग बाराव्या फ्रेटपाशी तार किती उरली असेल? ओळख बरं!

बरोब्बर अर्धी!

जाडीत दुसऱ्या नंबरची तार नुसती छेड. सुरात लावलेली असेल तर ती सेकंदाला ११० वेळा थरथरते. एवढ्याशा सेकंदात ११० हेलकावे! आता तीच तार बाराव्या घरात दाबून छेड. २२० वेळा, अगदी दुप्पट! आणि कान काय म्हणतो? अरे, हा तर तोच सूर, फक्त उंच! बाबा जाड्या आवाजात आणि तू बारीक आवाजात एकच गाणं म्हणता ना, तसं.

मोकळी तार म्हणजे आपला सा. वरचा सा बाराव्या घरात. मग मधले स्वर लपले कुठे?

चल, उड्या मारू! दोन घरं पुढे रे. आणखी दोन, ग. मग एकच, म. पुन्हा दोन प, दोन ध, दोन नि. शेवटी एक, आणि आला वरचा सा! हेच ते मेजर स्केल. आपल्याकडे याला म्हणतात बिलावल थाट. सगळे शुद्ध स्वर!

आणि वगळलेली घरं? मोज. पाचच! तिथे कोमल रे, ग, ध, नि आणि तीव्र म राहतात. सात आणि पाच, बारा. पेटीवरही सा ते नि एवढ्याच पट्ट्या असतात, सात पांढऱ्या, पाच काळ्या!

एक गुपित सांगू? बोट फ्रेटच्या अगदी लगत, पण अलीकडे ठेव. लांब ठेवलंस तर तार खरखरते. बोटावर लाल रेघ उठेल, घाबरू नको. थोडं थांब, मग पुन्हा वाजव. रोज थोडा सराव केला की कातडी घट्ट होते.

आता शेवटची जादू! तिसऱ्या घरालाच सा म्हण आणि उड्या त्याच मार. दोन-दोन-एक, दोन-दोन-दोन-एक. पुन्हा सारेगम! ठिकरी अंगणात आखा नाहीतर गच्चीवर, खेळ तोच ना?

गाण्याच्या बाई म्हणतात, "आज काळी एक घेऊ या." म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा सा! त्या हेच करतात. सा उचलून दुसरीकडे ठेवतात. त्याला म्हणतात पट्टी बदलणं.

म्हणजे बघ, एक पट्टी दप्तरात होतीच. दुसरी आता बोटांत आली!