महाविद्यालयीन क्षेत्रकार्यासाठी डिजिटल कॅमेऱ्याची निवड : वाशिम जिल्ह्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा नवा असला तरी भूमी प्राचीन आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम. कारंजा येथील जैन मंदिरांतील हस्तलिखितांचे भांडार, शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिर, बंजारा समाजाचे श्रद्धास्थान असलेले पोहरादेवी आणि कारंजा-सोहोळ परिसरातील काळवीट अभयारण्य ही या जिल्ह्याची ठळक स्थळे होत. इतिहास, मराठी, समाजशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आणि भूगोल या विषयांच्या अध्यापकांना त्यामुळे अभ्यासाचे क्षेत्र दारातच उपलब्ध आहे.

अशा क्षेत्रकार्यात छायाचित्र हे केवळ लेखाची शोभा नसते, तो पुरावा असतो. असे असूनही कॅमेरा खरेदी करताना अभ्यासाची गरज सर्वांत शेवटी विचारात घेतली जाते. जाहिरातीतील मेगापिक्सेलचा आकडा किंवा सर्वांत कमी दराचे दरपत्रक यांवर निर्णय होतो आणि वर्षभरातच तो कॅमेरा विभागाच्या कपाटात जाऊन बसतो. या पार्श्वभूमीवर, छायाचित्रणाचा पूर्वानुभव नसलेल्या अध्यापकाने कॅमेरा कसा निवडावा याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लेखाची उद्दिष्टे

१. क्षेत्रकार्यातील छायाचित्रणाचे महत्त्व स्पष्ट करणे.
२. कॅमेऱ्याच्या निवडीचे तांत्रिक निकष सोप्या भाषेत मांडणे.
३. अभ्यासविषयानुसार योग्य साधन सुचविणे.
४. स्थानिक हवामानात कॅमेऱ्याची आणि छायाचित्रांची निगा कशी राखावी हे सांगणे.

छायाचित्र : एक ऐतिहासिक पुरावा

महाराष्ट्रात छायाचित्रणाची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामवंत छायाचित्रकार होते. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके उदाहरण अजिंठ्याचे आहे. वत्सगुल्म शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरविले. म्हणजे अजिंठ्याचा इतिहास हा अंशतः वाशिमचाही इतिहास आहे.

मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार करण्याच्या कामी नेमणूक झाली. अनेक वर्षांच्या परिश्रमाने तयार केलेली त्यांची बहुतेक तैलचित्रे १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाली. पुढे जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हे काम नव्याने हाती घेतले. त्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच लागलेल्या दुसऱ्या आगीत जळाल्या. गिल यांनी कॅमेऱ्याने टिपलेली लेण्यांची चित्रे मात्र १८६४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली होती. एकाहून अधिक प्रती निघाल्यामुळे ती आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत.

या घटनाक्रमातून दोन बोध होतात. पहिला असा की, मूळ वस्तू झिजते, रंगविली जाते किंवा जीर्णोद्धारात बदलते, तेव्हा तिची नोंदच तिची साक्ष ठरते. दुसरा असा की, नोंद एकाच ठिकाणी ठेवली तर तीही नष्ट होऊ शकते. आपल्या गावच्या वेशीवरील वीरगळाला पुढील वर्षी ऑइलपेंट लागणार नाही याची हमी कोणीही देऊ शकत नाही. कॅमेऱ्याच्या निवडीचा प्रश्न म्हणूनच केवळ हौसेचा नाही.

निवडीचे तांत्रिक निकष

१. मेगापिक्सेल : कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याची क्षमता ०.०१ मेगापिक्सेल होती आणि एक चित्र ध्वनिफितीवर नोंदविण्यास त्याला २३ सेकंद लागत. त्या तुलनेत आजचा साधा मोबाइलही प्रचंड क्षमतेचा आहे. ए-४ आकाराचे पूर्ण पृष्ठ दर इंचास ३०० बिंदू या दर्जाने छापण्यासाठी २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८.७ मेगापिक्सेल पुरेसे होतात. ए-३ आकारासाठी सुमारे १७.४ मेगापिक्सेल लागतात. त्यामुळे २० ते २४ मेगापिक्सेलच्या पलीकडील आकड्यासाठी नवशिक्याने अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

२. सेन्सरचा आकार : हा निकष मेगापिक्सेलपेक्षा महत्त्वाचा आहे. सेन्सर म्हणजे प्रकाश ग्रहण करणारा पृष्ठभाग. पावसात अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर परातीत अधिक पाणी जमा होते, तसेच हे आहे. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मि.मी., एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मि.मी., मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मि.मी., तर लहान खिशातील कॅमेऱ्यांत पूर्वापार वापरला गेलेला सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मि.मी. असतो. एपीएस-सी सेन्सरचे क्षेत्रफळ या शेवटच्या सेन्सरच्या सुमारे १३ पट भरते. मंदिराच्या अंधाऱ्या गाभाऱ्यात किंवा सायंकाळच्या उत्सवात हा फरक ठळकपणे जाणवतो. लहान सेन्सरच्या चित्रात रवाळपणा येतो. खर्च, वजन आणि दर्जा यांचा समतोल पाहता नवशिक्यासाठी एपीएस-सी किंवा मायक्रो फोर थर्ड्स हे आकार योग्य ठरतात.

३. लेन्स : कॅमेऱ्याची बॉडी काही वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स अनेक वर्षे उपयोगी पडते. लेन्सचे दोन गुण पाहावेत. पहिला नाभीय अंतर. ते जितके जास्त तितकी दूरची वस्तू मोठी दिसते. दुसरा अॅपर्चर. त्याचा आकडा जितका लहान तितका अधिक प्रकाश आत येतो. एफ/१.८ ची लेन्स एफ/५.६ च्या लेन्सपेक्षा जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते.

४. बॉडीचा प्रकार : आरशाची रचना असलेला डीएसएलआर आणि आरसा नसलेला मिररलेस असे दोन प्रमुख प्रकार आहेत. प्रमुख उत्पादकांनी नव्या संशोधनाचा भर मिररलेसकडे वळविला असल्याने नवी खरेदी करावयाची असल्यास त्याच प्रकारास प्राधान्य द्यावे. तथापि मिररलेसमध्ये दृश्य पाहण्यासाठीही वीज लागते. दिवसभराच्या क्षेत्रकार्यासाठी किमान एक जादा बॅटरी अनिवार्य समजावी. डीएसएलआरची बॅटरी सामान्यतः अधिक काळ टिकते आणि वापरलेले डीएसएलआर कमी किमतीत मिळतात. वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले आहे याची संख्या पाहावी. लेन्समधून दिव्याकडे पाहून बुरशीचे जाळे नाही याचीही खात्री करावी.

अभ्यासविषय आणि साधन

‘कोणता कॅमेरा चांगला?’ या प्रश्नापूर्वी ‘कशाची छायाचित्रे काढावयाची आहेत?’ हा प्रश्न विचारला पाहिजे.

शिलालेख, ताम्रपट व मूर्ती : येथे किमती कॅमेऱ्यापेक्षा प्रकाशाची दिशा महत्त्वाची असते. दुपारच्या समोरील उन्हात झिजलेली अक्षरे सपाट दिसतात. सकाळी किंवा सायंकाळी तिरपा प्रकाश पडला की अक्षरांच्या खाचांत सावली साचते आणि लेख वाचता येतो. हाच परिणाम बाजूने धरलेल्या विजेरीने साधता येतो. ट्रायपॉड आणि चित्रात ठेवावयाची मोजपट्टी एवढी सामग्री असल्यास साधा कॅमेराही उपयुक्त नोंद करतो. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळणे सर्वथा टाळावे. त्यामुळे दगडाची हानी होते.

हस्तलिखिते : कारंजा येथील भांडारांतील पोथ्यांच्या आधारे विसाव्या शतकात अपभ्रंश साहित्याचे महत्त्वाचे संपादनकार्य झाले. कारंजा जैन ग्रंथमालेत डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. पोथीचे २८ सें.मी. लांबीचे पान दर इंचास ४०० बिंदू या दर्जाने टिपण्यासाठी लांबीच्या दिशेने सुमारे ४४०० पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात ते ६००० असतात. म्हणजे एका पानासाठी एक चित्र पुरते. या कामासाठी ५० मि.मी.च्या आसपासची स्थिर नाभीय अंतराची किंवा मॅक्रो लेन्स घ्यावी. कॅमेरा पानाशी समांतर ठेवावा, फ्लॅश वापरू नये आणि भांडाराच्या विश्वस्तांची अनुमती घेतल्याशिवाय पोथी उघडू नये.

वन्यजीव : मोबाइल आणि कॅमेरा यांतील अंतर येथे सर्वाधिक आहे. सुमारे ८० सें.मी. उंचीचे काळवीट १०० मीटर अंतरावर उभे आहे असे मानू. ३०० मि.मी.च्या लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर २.४ मि.मी. उंचीची पडते. एपीएस-सी सेन्सरच्या २४ मेगापिक्सेल चित्रात ती सुमारे ६०० पिक्सेल भरते. शिंगांचे पीळ स्पष्ट दिसतात. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे नाभीय अंतर सुमारे ६ मि.मी. आणि सेन्सरची उंची सुमारे ७ मि.मी. धरली, तर १२ मेगापिक्सेलच्या चित्रात तेच काळवीट जेमतेम २० पिक्सेलचा ठिपका होते. त्यामुळे प्राणिशास्त्र विभागासाठी ३०० मि.मी.पर्यंतची लेन्स ही किमान गरज होय. धावत्या प्राण्यासाठी शटरचा वेग सेकंदाचा १/१००० भाग किंवा त्याहून जलद ठेवावा. काळवीट वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. चित्रासाठी त्याचा पाठलाग करणे हा अभ्यास नव्हे. अभयारण्यात वन विभागाची परवानगी आवश्यक आहे.

वनस्पती व कीड : सोयाबीन आणि तुरीवरील किडींच्या नोंदीसाठी लेन्स किती जवळून फोकस करू शकते हे पाहावे. त्यासाठी मॅक्रो लेन्स उत्तम होय.

लोकजीवन : पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा वेशभूषा, भरतकाम आणि विधी यांची नोंद करण्यासाठी १८ ते ५५ मि.मी. सारखी सर्वसाधारण झूम लेन्स पुरेशी आहे. मोठ्या कॅमेऱ्याने माणसे संकोचतात, म्हणून येथे लहान बॉडी सोयीची. ज्या स्त्रीचे चित्र काढावयाचे तिला आधी विचारावे, हेतू सांगावा आणि शक्य झाल्यास छापील प्रत तिच्या हाती द्यावी. पुढील वर्षी त्या तांड्यावर विद्यार्थ्यांचे स्वागत होणे यावर अवलंबून असते.

मोबाइल पुरेसा आहे काय?

दिवसाउजेडी केलेली इमारतींची आणि कार्यक्रमांची चित्रे तसेच तात्काळ नोंदी यांसाठी चांगला मोबाइल पुरेसा आहे. तो सदैव जवळ असतो आणि स्थानाची नोंद आपोआप करतो. परंतु मोबाइल अनेक चित्रे एकत्र करून आणि त्यांवर प्रक्रिया करून अंतिम चित्र देतो. त्यामुळे पोत गुळगुळीत होणे किंवा कडा कृत्रिमरीत्या ठळक होणे संभवते. शिलालेखातील संशयित मात्रा खरी की प्रक्रियेतून उमटलेली, असा प्रश्न उद्भवू नये यासाठी मूळ रॉ स्वरूपात चित्र जतन करणारा कॅमेरा संशोधनास अधिक विश्वसनीय ठरतो.

निगा आणि जतन

वाशिमचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो. बंद मोटारीत कॅमेरा ठेवू नये. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत हवेत बारीक भुसा असतो; शेतात लेन्स बदलणे टाळावे आणि बदलावीच लागली तर कॅमेऱ्याचे तोंड खाली ठेवावे. पावसाळ्यात चामडी पेटीऐवजी हवाबंद डब्यात सिलिका जेलसह कॅमेरा ठेवल्यास लेन्सवर बुरशी धरत नाही.

२४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल सुमारे २५ ते ३० एमबी भरते; १००० चित्रांस २५ ते ३० जीबी जागा लागते. प्रत्येक संग्रहाच्या तीन प्रती ठेवाव्यात आणि त्यांतील एक महाविद्यालयाच्या इमारतीबाहेर असावी. क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वी कॅमेऱ्यातील दिनांक तपासावा. गाव, तालुका, दिनांक, विषय आणि छायाचित्रकार यांची नोंद त्याच दिवशी करावी. ज्या चित्राखाली स्थळ व दिनांक नाही, ते काही वर्षांनी काढणाऱ्यालाही ओळखता येत नाही.

निष्कर्ष व शिफारशी

१. खरेदीच्या प्रस्तावात प्रथम अभ्यासविषय आणि अपेक्षित चित्रांचे प्रकार लिहावेत. त्यानंतर सेन्सर, लेन्स आणि मेगापिक्सेल यांचे तपशील द्यावेत. तपशील नेमका असल्यास सर्वांत कमी दरातही योग्य वस्तू मिळते.
२. उपलब्ध रकमेचा सुमारे एक चतुर्थांश भाग ट्रायपॉड, जादा बॅटरी, कार्ड आणि हार्ड डिस्क यांसाठी राखून ठेवावा.
३. प्रत्येक विभागाने स्वतंत्र साधारण कॅमेरा घेण्याऐवजी महाविद्यालयाने एक चांगली बॉडी आणि विषयानुसार तीन लेन्स घेऊन त्या ग्रंथालयाप्रमाणे नोंदवहीवर द्याव्यात.
४. रक्कम अपुरी असल्यास खरेदी लांबवून नोंद थांबवू नये. मोबाइल, मोजपट्टी आणि तिरपा प्रकाश यांच्या साहाय्याने आजच कामास आरंभ करावा.

नवशिक्याने कॅमेऱ्याच्या शोधात काळ घालविण्यापेक्षा हाती असलेल्या कॅमेऱ्याच्या मर्यादा ओळखाव्यात, हे अधिक श्रेयस्कर होय. गिल यांच्याकडे आजच्या मोबाइलच्या तुलनेत अत्यंत अवजड आणि मर्यादित साधन होते. तरीही त्यांची नोंद टिकली. आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती साधन आले आहे. त्यांना काय टिपावे आणि कसे जपावे हे शिकविणे ही अध्यापकांची जबाबदारी आहे.