पुस्तक मिटल्यावरची उजळणी

‘गुरुत्वाकर्षण’ हा दहावीच्या विज्ञान भाग १ मधला पहिलाच धडा. परीक्षेच्या तोंडावर चौथ्यांदा वाचताना तो अगदी सोपा वाटतो. वाक्यं ओळखीची, मार्करच्या रेघाही ओळखीच्या. पण पुस्तक मिटून मुक्तिवेगाचं सूत्र मांडायला सांगितलं की पेन अडतं. विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात वन रूम किचनचा एक कोपरा धरून बसणारी मुलं असोत की पुण्यातल्या अभ्यासिकेतली, बहुतेकांची उजळणी म्हणजे पुन्हा वाचन.

अमेरिकेत हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये हेच महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तपासलं. एका गटाने चारही सत्रं उतारा वाचण्यात घालवली. दुसऱ्याने एक सत्र वाचलं आणि उरलेल्या तिन्हींत न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना ४० टक्केच आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. रात्री वाचून सकाळी पेपर देणाऱ्याला आपलीच पद्धत बरोबर का वाटते, ते यावरून कळतं.

आपल्याकडे दिवेलागणीनंतर परवचा व्हायचा. पावकी, निमकी, दिडकी रोज म्हणायची आणि आजोबा मध्येच विचारायचे, ‘तेरा नवे?’ घोकंपट्टी म्हणून त्याला नावं ठेवली गेली. समजून घेण्याचा भाग त्यात राहून जायचा, हे खरंच. पण रोज थोडं आणि न बघता, या दोन्ही गोष्टी त्यात होत्या.

गणिताचं थोडं वेगळं. ‘महत्त्वमापना’चा सरावसंच एका दमात सोडवला की हात बसल्यासारखा वाटतो, कारण ओळीने एकाच सूत्राची उदाहरणं येतात. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये घनफळाची उदाहरणं एका गटाला प्रकारवार दिली, दुसऱ्याला मिसळून. सरावात पहिला गट सरस ठरला. आठवड्याने त्याची २० टक्के उत्तरं बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची ६३ टक्के. बोर्डाच्या ४० गुणांच्या भूमितीच्या पेपरातही प्रश्न कोणत्या प्रकरणातला, हे कुणी सांगत नाही.

यासाठी क्लासच हवा असं नाही. पोळ्या लाटता लाटता आईने स्वाध्यायातले प्रश्न उलटसुलट विचारले तरी पुरे. तिला विषय येत नसला तरी उत्तर पुस्तकात पडताळता येतं. चुकलेला प्रश्न वहीच्या मागच्या पानावर टिपायचा, दोन दिवसांनी पुन्हा विचारायचा, मग आठवड्याने. बरोबर आलेलाही पंधरवड्याने एकदा विचारून घ्यावा.