पेट स्कॅनर घेताना स्फटिक पाहा

आम्ही कापडवाले आधी सूत पाहतो, मग भाव विचारतो. कॅन्सर तपासणीचे पेट स्कॅनर घेऊ पाहणाऱ्या ट्रस्टवाल्यांनीही आधी त्याच्या कड्यातले स्फटिक पाहावेत. रुग्णाला टोचलेल्या औषधामुळे शरीरातून विरुद्ध दिशांना दोन किरण सुटतात, ते हे स्फटिक पकडतात. स्फटिक जितके बारीक, तितके चित्र स्वच्छ. लांब स्फटिकात किरण जास्त सापडतात; पण तिरपा किरण नेमका कुठे अडला ते कळत नाही आणि कडेची गाठ पुसट दिसते.

बीजीओ स्वस्त, किरण अडवण्यातही सरस. मात्र त्याची चमक विझायला सुमारे ३०० नॅनोसेकंद लागतात. महागड्या एलएसओला ४०च. त्यामुळे दोन किरणांच्या वेळेतला फरकही मोजता येतो, कमी औषधात किंवा कमी वेळात काम भागते. रुग्ण थोडे असतील तर बीजीओ चालेल. रांग लागणार असेल तर एलएसओच घ्यावे.